मिठाचं पाणी किती अंशाला उकळतं? नाशिकमध्ये घरच्या गॅसवर करायचा सायन्स प्रोजेक्ट

मी नाशिकमधल्या एका शाळेत प्रयोगशाळा सहाय्यक आहे आणि विज्ञान प्रदर्शन जवळ आलं की दरवर्षी दोन-तीन तरी मुलं हा विषय घेऊन येतात, पाण्यात मीठ किंवा साखर विरघळवली की उत्कलनांक, म्हणजे उकळण्याचं तापमान, किती वाढतो. विषय छान आहे, खर्च जवळजवळ नाही, सामान घरातच असतं. पण प्रत्येक मूल पहिल्याच दिवशी एकच तक्रार घेऊन येतं, "ताई, थर्मामीटर खराब आहे, पाणी खळखळ उकळतंय तरी ९८ च्या वर जातच नाहीये."

थर्मामीटर खराब नाहीये. नाशिक समुद्रसपाटीपासून साधारण ५८० ते ६०० मीटर उंचीवर आहे, आणि ढोबळ हिशोब असा की दर ३०० मीटरला पाण्याचा उत्कलनांक एक अंशाने खाली येतो, कारण वर हवेचा दाब कमी होत जातो. म्हणजे आपल्याकडे साधं पाणी ९८ च्या आसपासच उकळणार, तुम्ही पंचवटीत राहा नाहीतर सिडकोत. पुस्तकातलं १०० हे समुद्रसपाटीच्या दाबाचं आहे. कळसूबाईच्या माथ्यावर, १६४६ मीटरवर, तेच पाणी साडेचौऱ्याण्णवच्या आसपास उकळेल.

हे आधी सांगतेय कारण या प्रोजेक्टची सगळी माती इथेच होते. आमच्या शाळेतल्या नववीतल्या एका मुलीची वही मला अजून आठवते. साध्या पाण्यापुढे १०० लिहिलेलं, पुढे एक पुडी मीठ ९९, दोन पुड्या १००, तीन पुड्या १०१ आणि काहीतरी. म्हणजे मीठ टाकल्यावर उत्कलनांक आधी कमी झाला आणि मग वाढला! आलेखाची रेघ खाली जाऊन वर आलेली आणि तिला कळेना का. मी ते पान खिडकीकडे धरलं तर १०० च्या खाली खोडरबराने पुसलेलं ९८ स्पष्ट दिसत होतं. घरी कोणीतरी मोठ्या माणसाने सांगितलं होतं की पाणी १०० ला उकळतं, तुझं चुकलंय. तिचं मोजमाप अगदी बरोबर होतं, बाकीचे सगळे आकडे बरोबर होते, फक्त जो एक आकडा पुस्तकातून उचलला त्याने सगळं बिघडवलं. म्हणून माझा पहिला आणि सगळ्यात महत्त्वाचा नियम, जे दिसलं तेच लिहायचं, पेनाने लिहायचं, चुकलं तर एक आडवी रेघ मारून बाजूला नवीन लिहायचं, पुसायचं नाही.

आणि खरं तर आपल्याला ९८ का १०० याच्याशी देणंघेणंच नाही. आपल्याला हवाय तो फरक. साधं पाणी किती अंशाला, मिठाचं किती अंशाला, मधला फरक किती, बस.

सामान काय लागेल

थर्मामीटर सोडला तर सगळं घरात असतं. एक स्टीलचं पातेलं, दीड-दोन लिटरचं, उभट असेल तर बरं म्हणजे पाण्याची खोली मिळते. एक ग्रॅमपर्यंत दाखवणारा किचनमधला डिजिटल काटा. मीठ एक किलो, साखर एक किलो, लाटणं, दोरा, वही, आलेखाचा कागद. पाणी नळाचंच घ्या, डिस्टिल्ड वॉटरसाठी पैसे घालवू नका, नळाच्या पाण्यात क्षार असतात ते इतके कमी की आपल्या थर्मामीटरवर त्यांचा फरक दिसणारच नाही. फक्त सगळे प्रयोग एकाच पाण्याने करा, मधेच बोअरचं घेऊ नका.

थर्मामीटरबद्दल नीट वाचा. ताप मोजायचा थर्मामीटर अजिबात वापरायचा नाही, तो ४२ अंशांपर्यंतच असतो, उकळत्या पाण्यात फुटतो. दरवर्षी कोणीतरी हे करतंच. प्रयोगशाळेतला लाल द्रवाचा, ११० अंशांपर्यंतचा घ्या, शाळेला प्रयोगशाळेचं सामान देणाऱ्या दुकानात मिळतो, किंवा स्वयंपाकाचा डिजिटल, ज्याच्यावर दशांश चिन्हापुढचा एक आकडा दिसतो तो, आणि तो सगळ्यात सोयीचा. पाऱ्याचा घरी आणू नका, स्वयंपाकघरात फुटला तर पारा गोळा करणं फार अवघड आणि त्याची वाफ विषारी.

थर्मामीटर आणला की आधी बर्फात तपासा. बर्फ बारीक फोडून ग्लासभर घ्या, थोडंसं पाणी घाला, ढवळा, पाच मिनिटांनी बघा. शून्य दाखवायला हवा. एक दाखवत असेल तरी टाकून देऊ नका, वहीत लिहून ठेवा की शून्याला एक जास्त दाखवतो. फरकच काढायचाय म्हटल्यावर ती चूक दोन्हीकडून वजा होते.

पुड्या बांधून ठेवा

हे मी सगळ्यांना करायला लावते आणि आधी सगळे कंटाळतात. कागदाचे चौकोनी तुकडे कापून आदल्या रात्री मिठाच्या ३० ग्रॅमच्या पुड्या बांधायच्या, एकूण तीस. हिशोब असा की आपण अर्धा लिटर पाण्यात एक पुडी, दोन पुड्या, तीन, चार असे चार प्रयोग करणार आणि प्रत्येक तीनदा, म्हणजे ९०० ग्रॅम मीठ, एका किलोच्या पाकिटात भागतं. पुड्या तयार असल्या की ओल्या हाताने काट्याशी खेळावं लागत नाही आणि किती टाकलं हा गोंधळ होत नाही, रिकामे कागद मोजले की कळतं.

३० ग्रॅमच का? कारण अर्धा लिटर पाण्याला ३० ग्रॅम मिठाने उत्कलनांक साधारण एक अंशाने वाढतो, जो साध्या थर्मामीटरवर दिसतो. मुलं चमचाभर मीठ टाकतात आणि म्हणतात काहीच फरक नाही. चमचाभर म्हणजे पाच-सहा ग्रॅम, त्याने एका लिटरला जेमतेम अंशाचा दहावा भाग वाढतो, तो दिसणार कसा. (डाळीत आधी मीठ टाकलं की लवकर शिजते असं जे म्हणतात ते यामुळे तरी नाही. कुकरमध्ये आतला दाब वाढतो म्हणून पाणी १२० अंशांच्या आसपास जातं, म्हणून डाळ शिजते.)

आता प्रत्यक्ष करायचं कसं

रविवार सकाळ धरा, घरात मोठं माणूस हवंच, आणि सगळं एकाच दिवशी उरका. एकाच दिवशी का तर हवेचा दाब रोज थोडा बदलतो, पावसाळी हवेत कमी होतो, आणि त्याने दोन-तीन दशांश अंश इकडेतिकडे होऊ शकतात. एक दिवस साधं पाणी आणि आठवड्याने मिठाचं असं केलंत तर तुलना कच्ची राहते. फारच दमलात तर दोन दिवसांत करा पण दुसऱ्या दिवशी साधं पाणी पुन्हा मोजून घ्या.

पहिलं साधं पाणी. रिकामं पातेलं काट्यावर ठेवून काटा शून्य करा, ५०० ग्रॅम पाणी ओता, हे मापाच्या भांड्यापेक्षा अचूक येतं. पातेलं गॅसवर ठेवा. लाटणं पातेल्यावर आडवं ठेवून त्याला थर्मामीटर दोऱ्याने बांधा, असा की खालचा फुगा पाण्यात पूर्ण बुडालेला पण बुडाला आणि कडेला कुठेही टेकलेला नाही. बूड पाण्यापेक्षा जास्त तापलेलं असतं, टेकला की आकडा उगाच वर जातो. आणि फुगा वर वाफेतही नको. मिठाच्या पाण्याच्या वाफेत थर्मामीटर धरला तर त्याच्यावर वाफेचं शुद्ध पाणी जमतं आणि तो साध्या पाण्याचाच आकडा दाखवायला लागतो, मग मूल म्हणतं मिठाने काही झालंच नाही. डिजिटलवाल्यांनी त्याची वायर आणि वरचा डबा ज्योतीपासून लांब ठेवायचा.

झाकण नाही ठेवायचं. मध्यम आच, आणि एकदा ठरवलेली आच सगळ्या प्रयोगांना तीच, गॅसच्या बटणावर खडूने खूण करून ठेवा. इंडक्शन असेल तर सोपंच, एकच आकडा लावून ठेवायचा.

आता पाण्याकडे बघत बसा, मोबाईल बाजूला. साठ-सत्तर अंशांना तळाशी आणि कडेला बारीक बुडबुडे चिकटलेले दिसतील, ती उकळी नाही, पाण्यात विरघळलेली हवा बाहेर पडते ती. मग तळाशी मोठे बुडबुडे व्हायला लागतात, ते वर येता येता मधेच विरतात आणि पातेलं गुणगुणायला लागतं, आपल्या आया आधण ठेवून दुसऱ्या खोलीतून तो आवाज ओळखतात. ही पण अजून उकळी नाही. आवाज बदलून खळखळ सुरू झाली, बुडबुडे थेट वरपर्यंत येऊन फुटायला लागले आणि लाल रेघेचं टोक एका जागी थांबलं की ती उकळी. तिथून तीस सेकंद थांबा आणि मग तीस-तीस सेकंदांनी तीन वेळा आकडा लिहा. डोळे रेघेच्या टोकाच्या समोर, वरून वाकून बघितलं की अर्धा अंश सहज चुकतो. वाफ तोंडावर घेऊ नका, चष्मा असेल तर घाला.

साध्या पाण्यात बघा, कितीही वेळ उकळू द्या, आकडा हलत नाही. हे लिहून ठेवा, पुढे कामाला येणारे.

मग मिठाचं. पातेलं उतरवून रिकामं करा, थंड करा, पुन्हा ५०० ग्रॅम ताजं पाणी घ्या आणि मीठ गार पाण्यातच टाकून चमच्याने पूर्ण विरघळवा. उकळत्या पाण्यात मीठ टाकायचं नाही, हे मी मोठ्याने सांगते. उकळत्या पाण्यात मूठभर मीठ पडलं की प्रत्येक कणाभोवती एकदम बुडबुडे होतात, पाणी पांढरं होऊन क्षणात काठापर्यंत चढतं. माझ्याच मनगटावर एकदा आलंय, मी फक्त एक पुडी सोडली होती, आणि पातेलं अर्धंच भरलेलं होतं. यातूनच तो समज आला असावा की मीठ टाकलं की पाणी लवकर उकळतं. बुडबुडे दिसतात ते खरे, पण त्याने पाणी जास्त गरम झालेलं नसतं.

बाकी सगळं तसंच. एकच गोष्ट वेगळी, मिठाच्या पाण्यात आकडा थांबत नाही, हळूहळू वर सरकत राहतो. मुलं घाबरतात. कारण साधं आहे, पाणी उडून जातंय आणि मीठ आहे तेवढंच, म्हणजे द्रावण घट्ट होत चाललंय. पाच मिनिटं खळखळ उकळलं तर पन्नास-शंभर ग्रॅम पाणी सहज जातं आणि चार पुड्यांच्या पातेल्यात त्याने अंशभर फरक पडू शकतो. म्हणून उकळी आल्यावर पहिल्या दोन मिनिटांतच तिन्ही आकडे घेऊन गॅस बंद करा. थंड झाल्यावर पातेल्यासकट वजन करून किती पाणी गेलं तेही लिहिलंत तर परीक्षकांना ते फार आवडतं, कारण सहसा कोणी करत नाही.

आमच्याकडे असे आकडे येतात, साधं ९८, एक पुडी ९९, दोन १००, तीन १०१ च्या थोडं वर, चार १०२.५ च्या जवळपास. तुमचे दोन-चार दशांश इकडेतिकडे आले तर ते तुमचे आहेत, तसेच ठेवा. गंमत बघा, नाशिकमध्ये पाणी १०० अंशांना उकळवायचं असेल तर अर्ध्या लिटरला ६० ग्रॅम मीठ लागतं!

एक पातेलं वाळूचंही करा. दोन मुठी धुतलेली वाळू टाकून उकळा, पण आच कमी ठेवा, वाळूने पाणी उसळतं. आकडा ९८ च राहील, कारण वाळू विरघळत नाही. पाण्यात काहीही टाकलं की उत्कलनांक वाढतो असं नाही, विरघळावं लागतं, हे यातून सिद्ध होतं. खाण्याचा सोडा मात्र घेऊ नका, तो तापला की त्यातून कार्बन डायऑक्साइड निघतो, फेस येतो आणि उकळी आली का हेच कळत नाही. स्पिरिट किंवा तसलं काही ज्वलनशील तर गॅसजवळही आणायचं नाही.

साखरेत खरी मजा आहे

मिठाइतकीच साखर टाकून बघतात आणि निष्कर्ष लिहितात की साखरेने उत्कलनांक वाढत नाही. वाढतो, पण ३० ग्रॅम साखरेने अर्ध्या लिटरला अंशाचा दहावा भागही नाही. तुम्ही २५० ग्रॅम आणि मग ५०० ग्रॅम टाकून बघा. अर्धा किलो साखरेला दीड ते दोन अंश मिळतात, जे दोन पुड्या मिठाने मिळतात.

का? कारण वजन महत्त्वाचं नाही, कण किती हे महत्त्वाचं. साखरेचा रेणू मोठा, मिठाच्या जवळजवळ सहापट जड, म्हणजे तेवढ्याच वजनात त्याचे कण सहापट कमी. वर मीठ पाण्यात विरघळलं की त्याचे दोन तुकडे होतात, सोडियमचा वेगळा आणि क्लोराइडचा वेगळा, साखर मात्र अख्खीच राहते. सहा गुणिले दोन, साधारण बारापट फरक. हे दोन आकडे मुलाला स्वतःच्या वहीत दिसतात तेव्हा त्याचा चेहरा बघण्यासारखा असतो, मोल (कणांची संख्या मोजायचं एकक) नावाचा धडा जो डोक्यावरून गेलेला असतो तो तिथे पातेल्यात दिसतो.

मोठ्या वर्गातल्यांसाठी आकडा असा, १ किलो पाण्यात विरघळलेल्या कणांचा १ मोल असेल तर उत्कलनांक ०.५१ अंशाने वाढतो. मिठाचा १ मोल म्हणजे साडेअठ्ठावन्न ग्रॅम, कण दुप्पट, म्हणून एका लिटरला साधारण १ अंश. आपली ३० ग्रॅमची पुडी अर्ध्या लिटरला यावरूनच आलीये.

आणि उत्कलनांक मुळात वाढतो का तर, पाणी उकळतं म्हणजे त्याच्या वाफेचा दाब बाहेरच्या हवेच्या दाबाएवढा होतो. पाण्यात दुसरे कण मिसळले की पाण्याची वाफ होऊन निसटण्याचं प्रमाण कमी होतं, बाष्पदाब घटतो, मग तेवढाच दाब गाठायला जास्त तापवावं लागतं. नाशिकच्या ९८ चं उत्तरही याच वाक्यात आहे, बाहेरचा दाबच कमी, म्हणून कमी तापवून भागतं. द्रावणांच्या बाष्पदाबाचा नियम राऊल्ट या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८८० च्या दशकात मांडला.

घरात विचारा, आजीला हे आकड्यांशिवाय माहीत असतं. पाक एकतारी झाला म्हणजे तो साध्या पाण्यापेक्षा बराच जास्त तापलेला असतो, पाणी उडत गेलं, साखर घट्ट होत गेली, उत्कलनांक चढत गेला. म्हणूनच पाकाचा चटका पाण्याच्या चटक्यापेक्षा वाईट, चिकटतोही. पाक आटवून मोजायला जाऊ नका, ११० चा थर्मामीटर त्यात फुटू शकतो.

झालं की आवरायचं

मिठाचं पाणी कुंडीत ओतू नका, झाड जळतं. भरपूर पाण्याबरोबर मोरीत सोडा. पातेलं लगेच धुवा, खारट पाणी रात्रभर राहिलं तर स्टीलला ठिपके पडतात. बर्नरवर शिंतोडे उडाले असतील तर ओल्या फडक्याने पुसून घ्या, पण थंड झाल्यावर.

तक्ता आणि प्रश्न

तक्त्यावर फार मजकूर नको. एक कोष्टक, एक आलेख, पातेल्याचा फोटो. आलेखात आडवं मिठाचे ग्रॅम आणि उभं उत्कलनांकातली वाढ घ्या, म्हणजे साधं पाणी शून्यावर बसतं आणि ९८ का १०० हा वादच राहत नाही. सगळे बिंदू एका रेषेत आणायला जाऊ नका, बिंदूंच्या मधून पट्टीने रेघ काढा. चौथ्या पुडीचा बिंदू रेघेच्या किंचित वर जाईल, तो तसाच असतो, दाट द्रावणात नियम थोडा ढळतो.

तक्त्याशेजारी कच्ची वही ठेवा, डाग पडलेली तशीच.

परीक्षक ९८ बद्दल विचारणारच. एका प्रदर्शनात आमच्या मुलाचे यावरून मार्क कापले गेले होते, साधं पाणी १०० ला उकळतं एवढंही माहीत नाही म्हणून, आणि तो बिचारा गप्प उभा राहिला. तेव्हापासून मी मुलांकडून उत्तर पाठ करून नाही, समजून घेऊन बोलून घेते. सर, नाशिक समुद्रसपाटीपासून सहाशे मीटरच्या जवळ आहे, इथे हवेचा दाब कमी, म्हणून ९८. बर्फात थर्मामीटर तपासलाय, नोंद इथे आहे. एवढं शांतपणे सांगितलं की झालं. हवं तर हेही सांगा की सेल्सियस यांनी १७४२ मध्ये ही मोजपट्टी सुचवली तेव्हाच उत्कलनांक हवेच्या दाबाप्रमाणे बदलतो हे त्यांनी नोंदवलं होतं. (त्यांची पट्टी उलटी होती, उकळतं पाणी ० आणि बर्फ १००, नंतर ती फिरवली गेली.)

मुंबईला किंवा कोकणात कोणी नातेवाईक असतील तर सुट्टीत जाताना तोच थर्मामीटर फडक्यात गुंडाळून न्या, दुसरा नको, तोच. मावशीच्या गॅसवर साधं पाणी उकळून आकडा बघा. त्यासाठी कोष्टकात खाली एक ओळ रिकामी सोडून ठेवा.